आईंची खोली, आमसुली भिंत आणि दोनशे मिलीच्या सहा बाटल्या

हा अभिप्राय फेब्रुवारीतच लिहायला घेतला होता. मग वाटलं, तळमजल्यावरच्या भिंतीबद्दल पावसाळ्याआधी बोलणं म्हणजे घाई होईल. जून ते सप्टेंबर भिंत काय म्हणते ते बघू आणि मगच लिहू. आता दिवाळी तोंडावर आली आहे. बऱ्याच घरांत रंगकाम काढायचा विषय निघाला असेल आणि "गडद देऊ की फिका?" यावर रोज चहाला चर्चा होत असेल. म्हणून सविस्तर लिहिते आहे. आमच्या भागातलं रंगांचं जुनं दुकान, तिथे मिळणाऱ्या नमुन्याच्या छोट्या बाटल्या, आमचे रंगारी दादा आणि शेवटी भिंतीवर जे उतरलं ते, सगळ्याबद्दल.

खोली माझ्या सासूबाईंची. आम्ही पुण्यात कर्वेनगरमध्ये १९८९ साली बांधलेल्या सोसायटीत राहतो. खोली दहा बाय अकरा, उंची साडेनऊ फूट. खिडकी एकच, तीही उत्तरेला, आणि खिडकीसमोर बारा फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत. दार पश्चिमेच्या भिंतीत, दाराशेजारी बटणांचा बोर्ड. पलंग पूर्वेच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे आई उठून बसल्या की समोर दाराची भिंतच येते. आईंचं वय ८१. त्यांना काचबिंदू आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं डॉक्टरांनी सध्या थांबवलंय.

नऊ वर्षांपूर्वी ही खोली आम्ही डिस्टेंपरमध्ये हस्तिदंती रंगवून घेतली होती. भिंती हस्तिदंती, दार क्रीम, बोर्ड पांढरा, पडदे पांढुरके. तेव्हा सगळ्यांना छान वाटलं होतं. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी दूध तापवून खोलीत गेले, तर आई अंधारात भिंतीशी उभ्या. तळहात भिंतीला टेकवून हळूहळू सरकवत होत्या. मी दिवा लावला तेव्हा त्यांचा हात बोर्डाच्या वीतभर वर होता. "बोर्ड दिसत नाही गं. भिंतीत विरघळल्यासारखा झालाय," त्या म्हणाल्या. आदल्या आठवड्यात दाराच्या चौकटीवर त्यांचा खांदा आपटला होता, तेही त्या दिवशी कळलं. कुणाला बोलल्याच नव्हत्या.

तेव्हा ठरवलं की खोली रंगवायचीच. सल्ला विचारला त्या प्रत्येकाचं उत्तर एकच: खोली लहान, त्यात अंधारी, म्हणजे पांढरा द्या. मीही तेच धरून चालले होते. घरपोच रंगकाम करून देणाऱ्या एका सेवेच्या माणसाला बोलावलं. मुलगा नम्र होता, वेळेवर आला. त्याने खोलीचा फोटो काढला, टॅबवर भिंती शुभ्र करून दाखवल्या, आणि त्या चित्रात खोली लख्ख उजळलेली दिसली. वीस मिनिटांत अंदाजपत्रक तयार. पण खोलीत कोण राहतं, हे त्याने विचारलं नाही. उत्तरेच्या भिंतीला खाली लोणा (ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारा पांढरा क्षार) लागून पोपडे सुटले होते, त्यावरून त्याने हातही फिरवला नाही. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला शिकवलंच तेवढं असेल. पण टॅबमधली ती उजळ खोली बघून मी जवळजवळ होकार देऊन बसले होते आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण पुन्हा तोच बोर्ड तशाच भिंतीत विरघळला असता.

दुकानात गेले ते केवळ पांढऱ्याच्या किमती विचारायला. दुकान जुनं आहे. गल्ल्यामागे एशियन पेंट्सच्या गट्टूचं उन्हाने फिकं पडलेलं चित्र लावलंय. हातात ब्रश, डोळ्यावर केसांची बट, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला तोच खोडकर मुलगा. पलीकडे रंग मिसळायचं यंत्र. गल्ल्यावरचे काका साठीचे असतील. मी "छोट्या खोलीसाठी पांढरा" म्हटल्यावर त्यांनी शेडकार्ड उघडलंच नाही. आधी विचारलं, "खिडकी कुठल्या दिशेला? समोर काय आहे? आणि खोलीत दिवसभर कोण असतं?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, आज काहीच घेऊ नका. घरी जा, एक कोरा पांढरा कागद घ्या आणि अकराच्या सुमाराला दिवे बंद करून त्या भिंतीला लावून बघा. जो दिसेल तो तुमचा पांढरा."

दुसऱ्या दिवशी छपाईसाठी आणलेल्या गठ्ठ्यातला एक कागद चारही भिंतींना लावून बघितला. खिडकीजवळ कागद बरा दिसत होता. दाराच्या भिंतीवर मात्र पार राखाडी, आणि त्या राखाडीत हिरवट झाक. आधी कळेना हिरवं कुठून आलं. मग खिडकीबाहेर बघितलं. शेजारच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी आपली इमारत पोपटी रंगवली आहे. आमच्या खोलीत येणारा बहुतेक उजेड त्या भिंतीवर आपटून येतो आणि येताना तिचा रंग घेऊन येतो. रंग काही स्वतः उजेड तयार करत नाही, येईल तेवढा परत फेकतो. उजेडच थोडा आणि हिरवट असेल तर पांढरी भिंत त्यातलाच थोडा हिरवट उजेड दाखवणार. एका कागदाने मला जे समजलं ते शंभर शेडकार्डांनी समजलं नसतं. तुमच्या घरात दुसरं काही केलं नाही तरी हे एवढं जरूर करा.

आता बाटल्यांबद्दल. बऱ्याच कंपन्या आता हव्या त्या शेडचा नमुना दोनशे मिलीच्या बाटलीत देतात. सगळ्याच दुकानांत मिळत नाही. काही दुकानदार "एवढ्याशासाठी मशीन लावत नाही" म्हणून परत पाठवतात, मला आधी दोघांनी पाठवलं होतं. या दुकानात काकांनी न कुरकुरता सहा बाटल्या करून दिल्या. यंत्रावरचा मुलगा काम करता करता समजावूनही सांगत होता. फिक्या शेडसाठी जो पांढरा बेस (ज्यात यंत्र रंग मिसळतं तो मूळ रंग) असतो त्यात टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतं आणि झाकायची ताकद त्याचीच. गडद शेडचा बेस वेगळा. त्यात हे पांढरं द्रव्य अगदी थोडं, कारण ते जास्त असेल तर रंग गडद होणारच नाही, पांढुरका पडेल. झाकण उघडून त्याने मला तो बेस दाखवला, पातळ साबुदाण्याच्या खिरीसारखा दिसत होता. गडद रंगाला दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, का भागत नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

सहा शेड अशा होत्या: शुभ्र पांढरा, पिवळसर झाक असलेला मोतिया, फिकट पिस्ता, राखी, मोरपंखी आणि आमसुली. कार्डावर त्यांना काहीबाही परदेशी नावं होती, ही नावं आमच्या घरातली. आईंना रंग साड्यांवरूनच सांगावे लागतात.

नमुना थेट भिंतीवर लावू नका, असं रंगारी दादांनी बजावलं होतं. एक तर आजूबाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो. दुसरं म्हणजे त्या ठिगळाच्या कडा नंतर नव्या रंगाखालूनही उठून दिसतात. मी दीड बाय दोन फुटांचे जाड पुठ्ठे आणले, कडेने दोन बोटं पांढरी पट्टी सोडली आणि प्रत्येकावर दोन हात दिले. पहिला हात ओला असताना आमसुली बघून मी घाबरले होते. गुलाबीसर, दुधाळ दिसत होता, चुकीची बाटली आली की काय असं वाटलं. चार तासांनी सुकल्यावर तो खरा रंगावर आला. इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, ओलं असताना फिकं दिसतं आणि सुकल्यावर गडद होतं, त्यामुळे रंगारी भिंतीवर पहिला पट्टा मारत असतानाच "हा नाही, बदला" म्हणून ओरडू नये.

आठ दिवस ते पुठ्ठे खोलीत फिरत होते. सकाळी आठला, दुपारी बाराला, साडेचारला आणि रात्री दिवे लावून मी ते प्रत्येक भिंतीशी उभे करून बघत होते. खोलीत तेव्हा ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब होती (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप). त्या प्रकाशात आमसुली वाळलेल्या कोकमासारखा काळपट आणि कोरडा दिसायचा. मी ३००० केल्विनचा पिवळसर दिवा आणून लावला, तर त्याच पुठ्ठ्याला कोकमाच्या आगळाचा रंग आला. लाल, जरासा जांभळा, आतून ओला असल्यासारखा. राखी पुठ्ठा पिवळ्या दिव्यात मातकट आणि दिवसा निळसर. रंग दुकानातल्या दिव्याखाली बघून ठरवणं किती धोक्याचं आहे ते या पुठ्ठ्यांनी दाखवलं.

आणि मग तो रविवार. मी सगळे पुठ्ठे आईंसमोर रांगेत लावले आणि विचारलं, "आई, काय काय दिसतंय?" मोतिया, पिस्ता आणि राखी यांच्यावरून त्यांची नजर दोनदा फिरली. म्हणाल्या, "हे तिन्ही एकच आहेत ना?" मला त्या तिघांत कितीतरी फरक दिसत होता. मोरपंखीला त्या काळा म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच ऑपरेशन न झालेला डोळा तळहाताने झाकला, आणि एकदम म्हणाल्या, "अगं, हा तर मोरपंखी आहे! माझ्या शालूसारखा." हात बदलला, दुसरा डोळा झाकला. "आता पुन्हा काळा." चार-पाच वेळा त्यांनी हात इकडचा तिकडे केला आणि लहान मुलीसारख्या हसत राहिल्या. आमसुली मात्र त्यांनी दोन्ही डोळ्यांनी ओळखला. "हे माझं इरकल. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीचं." कपाटातून ते इरकल काढायला लावलं आणि पदर पुठ्ठ्याला लावून बघितला. फार फरक नव्हता.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी समजावलं की वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. म्हणून गडद निळा, गडद हिरवा आणि काळा यांत बऱ्याच वृद्धांना फरक करणं अवघड जातं, आणि फिक्या छटा सारख्याच वाटू शकतात. ऑपरेशनमध्ये ते पिवळं भिंग जाऊन स्वच्छ भिंग बसतं, तेव्हा त्या डोळ्याला निळा परत दिसू लागतो. काचबिंदूत आणखी एक गोष्ट होते: दोन रंगांमधला उठाव कळेनासा होतो. "रंग कुठला ते तुम्ही तुमच्या आवडीने ठरवा," डॉक्टर म्हणाल्या, "पण शेजारशेजारच्या दोन गोष्टींत गडद-फिक्याचा फरक भरपूर ठेवा. दार आणि भिंत, बोर्ड आणि भिंत, जमीन आणि भिंत."

तोपर्यंत आम्ही सगळे "गडद की फिका" असं विचारत होतो. तो प्रश्नच आमच्या खोलीपुरता चुकीचा होता. आईंना गरज होती ती गडद आणि फिका एकमेकांशेजारी असण्याची.

हा फरक मोजताही येतो, हे मला दुकानातल्या काकांनी दाखवलं. काही कंपन्या प्रत्येक शेडसोबत एलआरव्ही नावाचा आकडा देतात, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी किती उजेड ती शेड परत फेकते त्याचं माप. शून्य म्हणजे ठार काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. खऱ्या रंगांतला चांगला पांढरा ८५च्या आसपास असतो. ब्रिटनमध्ये सार्वजनिक इमारतींत कमी दिसणाऱ्या लोकांसाठी दार आणि भिंत अशा शेजारच्या पृष्ठभागांत या आकड्यांचा ३०चा फरक ठेवावा, असं मार्गदर्शन आहे. आमच्या मोतियाचा आकडा ७४ आणि आमसुलीचा ८. जुन्या खोलीत हस्तिदंती भिंत आणि क्रीम दार यांत पाच-सहाचाही फरक नसणार.

हे कळलं तेव्हा मला वाईचं माहेरचं घर आठवलं. माजघर अंधारं, भिंती चुन्याच्या, चुन्यात चमचाभर नीळ घातलेली. आणि भिंतीच्या तळाशी हातभर उंचीचा गेरूचा पट्टा. दर दिवाळीला तो पट्टा नव्याने ओढायचं काम माझ्या आजीचं. तिला सत्तरीनंतर फारसं दिसत नव्हतं, तरी कंदिलाच्या उजेडात ती त्या घरात कुठे अडखळली नाही. भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ते त्या पट्ट्यामुळे तिला दिसत असणार, असं मला आता वाटतं. आम्ही मुलं त्याला नुसती शोभा समजत होतो.

गडद रंगाबद्दल मला थोडं आधीपासून ठाऊक होतं, कारण आमच्या मुलीची खोली दोन वर्षांपूर्वी तिच्या हट्टाने चारही बाजूंनी गडद निळी केली होती. तिची खोली नैर्ऋत्येला, दोन मोठ्या खिडक्या, उजेड भरपूर. तिथे तो रंग खरोखर सुंदर दिसतो. भिंती मागे सरकल्यासारख्या होतात, पुस्तकं आणि चित्रं पुढे येतात, रात्री खोली शांत वाटते. "गडद रंगाने खोली तापेल" असं बरेच जण म्हणाले होते, पण तसा काही फरक जाणवला नाही. पश्चिमेची भिंत तापते ती बाहेरच्या उन्हाने. पण दोन वर्षांत जे झालं तेही सांगायला हवं. पलंगावर बसून ती जिथे पाठ टेकवते तिथे मॅट रंग घासून चकाकायला लागला आहे, आणि ती चकाकी पुसली जात नाही. दप्तराचा बंद लागून पांढरे ओरखडे उठले. एका ओरखड्यावर मी उरलेल्याच रंगाचा ब्रश फिरवला, तर आता ओरखड्याऐवजी तळहाताएवढा डाग दिसतो. फिक्या भिंतीवर असली दुरुस्ती खपून जाते, गडद भिंतीवर खपत नाही. तिथे पूर्ण भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पुन्हा मारावी लागते. भिंत महागाच्या वस्तूसारखी जपण्याची तयारी असेल त्यानेच चारही भिंती गडद कराव्यात. आणि अशा भिंतीवर धूळ पांढरी होऊन बसते, पंख्याच्या वाऱ्याला तर विशेष.

म्हणून आईंच्या खोलीत छत पांढरं, तीन भिंती मोतिया आणि दाराची एकच भिंत आमसुली, असं ठरलं. पिवळसर मोतिया शेजारच्या पोपटी उजेडाला बराच सावरून घेतो, शुभ्र पांढऱ्याला ते जमत नव्हतं. खिडकीची भिंत मुद्दाम फिकी ठेवली. खिडकीभोवती गडद रंग असेल तर मधला उजेडाचा चौकोन डोळ्यांत खुपतो, आणि आईंना चमक मुळीच सहन होत नाही. दाराच्या भिंतीवर आमसुली आला की क्रीम दार आणि पांढरा बोर्ड आपोआप उठून दिसणार होते. शिवाय ती भिंत घराच्या आतली, तिच्या पलीकडे आमचा हॉल. तिला ओल येत नाही. ओलीच्या भिंतीवर गडद रंग देऊच नये, लोणा फुटला की त्याची पांढरी भुकटी त्यावर पिठासारखी दिसते.

उत्तरेच्या भिंतीचं आधी करून घ्यावं लागलं. बाहेरच्या बाजूला सोसायटीने फुलझाडांसाठी माती टाकत टाकत ती जोत्याच्या वर चढवली होती आणि तीच ओल आत येत होती. माती हटवायला सोसायटीला विनंती केली, त्यांनी आठवडाभरात हटवली. दादांनी आतून दोन फुटांपर्यंतचा कुजका गिलावा पाडला, लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढला. "पाणी लावून धुतलं की तो परत आत मुरतो, काकू," ते म्हणाले. नवा गिलावा करून तीन आठवडे तसाच सुकत ठेवला. या तीन आठवड्यांना कंटाळून लोक वरून लांबी (पुट्टी) भरतात आणि पहिल्याच पावसात पोपडे येतात.

दाराच्या चौकटीवर इमारत झाली तेव्हापासूनचे ऑइलपेंटचे थर होते. ते दादा कोरडेच घासायला लागले तेव्हा मी थांबवलं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९०च्या आत हवं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि कोरडं घासलं की ते धुळीतून श्वासात जातं. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासायचं, तोंडाला मास्क, खाली प्लास्टिक, आणि निघालेला चिखल गोळा करून वेगळा बांधायचा. दादांनी सगळं ऐकलं, एकदाही "आम्ही वीस वर्षं असंच करतो" म्हटलं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांचं नाव दहा घरी सांगितलंय.

आमसुली भिंत दार वजा जाता चौऱ्याहत्तर चौरस फूट. डब्यावरच्या हिशोबाने एक लिटर पुरायला हवा. दुकानातल्या मुलाने एकच काढला. दादा म्हणाले, "दोन घ्या. गडदला तीन हात लागणार, आणि मधेच संपला तर दुसऱ्या खेपेचा रंग जुळेलच असं नाही." दोन डबे आणले आणि त्यांनी ते आधी एका बादलीत एकत्र ढवळून घेतले, मगच हात लावला. प्रायमरही (रंगाआधी द्यायचा पायाचा थर) पांढरा न घेता त्यात थोडा काळा रंग टाकून राखाडी करून घेतला, म्हणजे खालून पांढरं डोकावत नाही. कडा ब्रशने काढून त्या ओल्या असतानाच रोलर भिडवला. पहिला हात बघून आमच्या ह्यांचा चेहरा पडला होता, भिंत वांग्याच्या भरतासारखी दिसत होती. दुसऱ्याला बरी. तिसरा हात दुसऱ्या दिवशी सकाळी दिला, आणि दुपारी भिंत अशी एकजीव झाली की मी हॉलमधून उगाच दोनदा जाऊन बघून आले.

ट्यूब आधी त्याच भिंतीवर होती. खाली पडणाऱ्या तिरक्या प्रकाशात गडद भिंतीवर थापीची प्रत्येक लाट दिसते, म्हणून ती काढून समोरच्या भिंतीवर नवे दोन दिवे घेतले. गडद भिंत उजेड खाते हे खरंच आहे. एका दिव्याचे दोन करायची तयारी ठेवावी.

पावसाळा गेला. उत्तरेची भिंत कोरडी राहिली, आमसुलीला काही झालं नाही. जानेवारीत पुठ्ठ्यांवर न कळलेली एक गोष्ट मेमध्ये दिसली. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येकडे सरकून उगवतो, तेव्हा सकाळी सव्वासहाच्या सुमाराला दोन इमारतींच्या मधून उन्हाची एक तिरीप खिडकीतून आत येते आणि आमसुली भिंतीच्या टोकावर पडते. तेवढा भाग पंधरा मिनिटं डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होतो. आई त्या वेळी जाग्या असतात. मे संपेपर्यंत त्या मला रोज हाक मारून बोलवत होत्या.

दुकानाला पाचपैकी चार. पाचवा कापला तो दोन कारणांनी: एक लिटरचा अंदाज चुकीचा दिला, आणि रंग मिसळलेला डबा परत घेत नाहीत हे बिल झाल्यावर सांगितलं. तो नियम सगळीकडेच आहे, तो रंग दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, पण आधी सांगायला हवं. नमुन्याच्या बाटल्यांना पाचपैकी पाच. सहा बाटल्यांना मिळून हजाराच्या आसपास गेले, आणि खोलीच्या एकूण खर्चात तेवढे पैसे मला सर्वांत सत्कारणी लागलेले वाटतात. गडद मॅट इमल्शनला साडेतीन. रंग देखणा, पण बोर्डाभोवती आतापासूनच बोटांची किंचित चकाकी दिसू लागली आहे. तिथे एक पारदर्शक पत्रा बसवून घेणार आहे. डब्यावर चिकटवलेली शेडच्या कोडची चिठ्ठी मी काढून कपाटाच्या दाराला आतून लावली आहे. डबे गंजतात आणि चिठ्ठ्या हरवतात.

आई आता संध्याकाळी स्वतः उठून दिवा लावतात. परवा मला म्हणाल्या, "बाथरूमची चौकट पण करून घे की. तिथेही सगळं पांढऱ्यात पांढरं आहे." काल काकांकडून दोनशे मिलीची एक बाटली आणली, या वेळी ऑइलपेंटसाठीचा नमुना पुठ्ठ्यावर ओढून गॅलरीत सुकत ठेवला आहे. रंग त्यांनीच निवडला, गेरू.